पंचफुलाबाईंची मूठ

माणूस ओळखायची प्रत्येकाची रीत वेगळी असते. कुणी आडनाव विचारतं, कुणी गाव विचारतं, आणि ज्यांना दोन्ही विचारायचा संकोच वाटतो ते "पावणे कोणत्या भागातले?" असं विचारून तेच काढून घेतात. पंचफुलाबाई यातलं काही विचारत नसत. त्या मूठ बघत.

बरडखेड्याला ग्रामसेवक म्हणून रुजू झालो त्या दिवशी सरपंच मला गाव दाखवत होते. गाव दाखवायला पंधरा मिनिटं पुरली. सोळाव्या मिनिटाला आम्ही डोंगराच्या अंगाच्या शेवटच्या घराशी आलो. ओट्यावर सत्तरीच्या एक बाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. काटकुळ्या, पाठीचा कणा सरळ, आणि हात मात्र अंगाच्या मानाने मोठे, म्हणजे एखाद्या थोराड गड्याचे उसने आणल्यासारखे. सरपंच म्हणाले, "माय, हे नवे ग्रामसेवक." बाईंनी बसा म्हटलं नाही की चहा विचारला नाही. सुपातली मूठभर ज्वारी उचलून माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं मिटवली आणि सूप पुढे सरकवलं.

"सोडा," म्हणाल्या.

"काय सोडू?"

"ज्वारी. चाड्यावर सोडता तशी. थोडी थोडी."

चाडं म्हणजे तिफणीच्या डोक्यावरची लाकडी वाटी. तिफण पुढे बैल ओढतात, बाई मागून चालत त्या वाटीवर मूठ धरते, आणि मुठीतले दाणे तीन नळ्यांतून तीन ओळींत जमिनीत जातात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी माझा ज्वारीशी संबंध एवढाच होता की अमरावतीला आमच्या घरी ती पिठाच्या रूपात येत असे. मी मूठ उघडली. अर्धी ज्वारी एका जागी ढीग होऊन पडली, मग काहीच पडेना, आणि मी हात हलवला तशी उरलेली सुपाच्या बाहेर गेली.

पंचफुलाबाई सरपंचांकडे वळून म्हणाल्या, "कागदाच्या कामाचे हायेत." आणि पुन्हा पाखडायला लागल्या. सरपंचांचा चेहरा मात्र उजळला. ग्रामसेवक कागदाच्या कामाचा निघाला यात त्यांना वाईट असं काही दिसलं नाही.

ही परीक्षा सगळ्यांना द्यावी लागे. कृषी सहायक नापास झाला होता. बँकेचा माणूस नापास झाला होता. नातीला बघायला आलेल्या एका मुलाने दोन्ही हातांनी ज्वारी सोडली, तेव्हा बाईंनी त्याला पोहे खाऊ घातले आणि वाटेला लावलं. उपकेंद्राची नर्स मात्र पहिल्या झटक्यात पास झाली. "ह्या पोरीच्या हातची सुई दुखनार नाई," असा निकाल लागला, आणि लसीकरणाच्या दिवशी पळून जाणारं अर्धं गाव मुकाट्याने रांगेत उभं राहायला लागलं.

खुद्द बाईंच्या मुठीबद्दल गावात वाद नव्हता. दाणे करंगळीकडून सरकत यायचे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या फटीतून सुटायचे, आणि हात चाड्यावर गोल फिरत राहायचा. ना कमी, ना जास्त. पीक उगवून आलं की लोक धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून बाईंच्या ओळी बघत. दुसऱ्यांच्या वावरात कुठे बाई शिंकली आणि कुठे मागे वळून बोलली ते उगवणीवरून सांगता यायचं. पंचफुलाबाईंच्या वावरात तसं काही सांगता येत नसे. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या मागे चालून पेरणी शिकल्या होत्या आणि शिकताना खाल्लेल्या बोलण्याची आठवण अजून काढत होत्या.

बरडखेडा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, पण चुकीच्या अंगाला. ढग येतात, गाव बघतात, आणि पलीकडे मेळघाटात जाऊन पडतात. डोंगर बोडका, जमीन बरड, म्हणजे वर बोटभर माती आणि खाली नुसता मुरूम. परतवाड्याहून दिवसाला दोन बसा येतात, त्यातली दुसरी ड्रायव्हरच्या मनावर असते. बाईंचं तीन एकर वावर तर डोंगराच्या उतारावरच होतं. एकदा तिथे ट्रॅक्टर चढवला होता. तो उलटला. ड्रायव्हर वाचला, पण तो आता परतवाड्याच्या बाजारातसुद्धा डोंगराकडे पाठ करून चहा पितो म्हणतात. त्यामुळे गावातल्या सगळ्या तिफणी चुलीत गेल्या तरी बाईंची तिफण शिल्लक राहिली. दुसरा इलाजच नव्हता.

त्यांचा मुलगा मिलिंद नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात होता. तिथेच दोन खोल्यांचं घर. दर वेळी आला की म्हणायचा, "माय, आता पुरे झालं. चाल माह्या संगं." मुलगा वाईट नव्हता, सून तर फारच चांगली होती, आणि म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं. शेवटी मायलेकांत एक बोली झाली होती. ती मी दोघांच्या तोंडून ऐकली आहे, आणि शब्दाचाही फरक नव्हता.

"ज्या साली माही पेरनी चुकन, त्या साली मी तुया घरी येइन. तवापर्यंत बोलाचं नाई."

मिलिंद दर मृगात दोन दिवसांची सुट्टी काढून यायचा, बैल हाकायचा, पेरणी करून द्यायचा, आणि स्वतःच्याच हाताने आणखी एक वर्ष हरून परत जायचा.

अशा गावात वारसा आला.

म्हणजे वारसा होताच, पण त्याची योजना नव्हती. एक दिवस अनिकेतसर नावाचे प्रकल्प समन्वयक पुण्याहून आले. खादीचा कुडता, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची स्टीलची बाटली. माणूस मनाने स्वच्छ होता. वापरात असलेली वस्तू बघितली की त्यांना वाईट वाटायचं, ती झिजेल म्हणून. ग्रामसभेत त्यांनी जाहीर केलं की आपल्या गावाची निवड 'वाळवंटी डोंगरी कृषी वारसा ग्राम' म्हणून झाली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुलाबाई ग्रामसभेत नेहमी पहिल्या ओळीत बसत, तिथूनच त्यांनी हात वर केला.

"वाळवंट म्हंजे थे रेतीचंच नं साहेब?"

"हो, तसं म्हणता येईल."

"मंग आपल्या गावात रेती कोठी हाये? माह्या पोरानं संडास बांधाले घेतला तं रेती अचलपूरवरून आनाव लागली."

अनिकेतसर हसले. म्हणाले, "आजी, वाळवंट ही इथे एक संकल्पना आहे."

"असं सांगाव नाई काय पयलेच. रेती बी संकल्पनेतूनच आनली असती."

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' खरं तर योजना वाळवंटासाठीच होती, आणि वाळवंट आपल्या विभागात कुठे सापडेना म्हणून आमचं गाव त्यात बसवलं होतं. गावाने आजवर बरंच काही सोसलं होतं, तेव्हा वाळवंट व्हायला कुणी हरकत घेतली नाही.

जुन्या समाजमंदिराला टाइल्स लागल्या आणि त्याचं दालन झालं. अवजारं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. लोकांनी उत्साहाने मोडकी जुवं, फुटकी चाकं, भोक पडलेल्या मोटा आणून दिल्या. घर साफ झालं म्हणून कित्येकांनी माझे आभारही मानले. पण अनिकेतसरांना तिफण हवी होती, अखंड, आणि अखंड तिफण गावात एकच होती.

मी मागायला गेलो तेव्हा पंचफुलाबाईंनी एवढंच विचारलं, "परत कवा?"

"उद्घाटन झालं की लगेच. पंधरा दिवस धरा."

"तुमी म्हन्ता?"

"मी म्हणतो."

त्यांनी तिफण दिली. मी पावती लिहून दिली. ती त्यांनी वाचली नाही, घडी घालून कमरेला खोचली. चैत्र चालू होता. पेरणीला दीड-दोन महिने अवकाश होता. मला वाटलं, काय बिघडतंय.

मग फोटोचा दिवस आला. अनिकेतसरांनी अमरावतीहून नऊवारी, नथ आणि हळदीकुंकवाचं ताट आणवलं होतं. तिफण नव्या टाइल्सवर उभी होती. बाईंनी नऊवारीकडे पाहिलं, नथीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आजी, तिफणीची पूजा करतानाचा एक फोटो घेऊ."

"आमी बौद्ध आहो, साहेब. आमी तिफनीची पूजा नाई करत, तेल लावतो. वायवी लागत नाई."

"वा. मग तेल लावतानाचा घेऊ."

"थे पेरनी झाल्यावर लावतेत. आता लावलं तं धूळ बसन."

नऊवारी, नथ, ताट सगळं परत पिशवीत गेलं. शेवटी ठरलं की बाईंनी आपल्या नेहमीच्या पातळात चाड्यावर मूठ धरायची. बाईंनी दाणे मागितले. अनिकेतसर म्हणाले, "दाणे नकोत, फरशी खराब होईल. नुसती मूठ धरा."

"रिकामी मूठ चाड्यावर धरत नसतेत."

अनिकेतसरांनी चटकन वही काढली. गेले दोन महिने ते एखाद्या श्रद्धेच्या शोधात होते. "असं का? धरली तर काही अशुभ होतं का?"

"अशुभ काहून होते? रिकामी मूठ धरली तं बैल बी चालते, मानूस बी चालते, बाई बी चालते. दिसाले पेरनीच दिसते. पेरलंच नाई, हे आठ रोजानं समजते. तवापर्यंत वेय निघून जाते. म्हनून माह्या सासूनं कधी धरली नाई अन् मी बी धरत नाई."

अनिकेतसरांनी वही मिटली. मला मात्र आमच्या पंचायत समितीच्या सगळ्या आढावा बैठका एकापाठोपाठ एक आठवल्या. शेवटी खाली चादर अंथरून भरल्या मुठीने फोटो काढला गेला. नंतर बाईंनी चादरीवरचे दाणे वेचून घेतले, आणि टाइल्सवर उडालेले चार-सहा अनिकेतसरांना वेचायला लावले. ते गुडघ्यांवर रांगत वेचत होते तो फोटो कुणी काढला नाही.

माहितीफलक लिहायचं काम माझंच होतं. अक्षर चांगलं म्हणून. फलक लावल्यावर मी मोठ्या हौसेने बाईंना दाखवायला नेलं. त्या साक्षरता वर्गात शिकलेल्या, एकेक अक्षर जोडत वाचत. 'तिफण. पूर्वी पेरणीसाठी वापरले जाणारे लाकडी अवजार.' पहिल्या शब्दानंतर त्या थांबल्या.

"पूर्वी म्हंजे कवा, भाऊ?"

"म्हणजे... आधी. जुन्या काळी."

"मागच्या मृगात?"

मी फलकाची सरळ असलेली कड पुन्हा सरळ केली. त्यांनीही ताणलं नाही. त्या माझ्यावर कधी रागावत नसत, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

फलकाखाली एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांची खूणही लावली होती. तिच्यावर मोबाईल धरला की तिफणीची सगळी माहिती दिसायची. फक्त गावात रेंज नव्हती. रेंज यायची ती डोंगराच्या उतारावर, नेमकी पंचफुलाबाईंच्या धुऱ्यावर. म्हणजे तिफण काय असते हे वाचायला माणसाला त्या वावरापर्यंत चढून जावं लागणार होतं. ही गोष्ट मी अनिकेतसरांच्या कानावर घातली. ते म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू.

उद्घाटन पंधरा दिवसांवरून महिन्यावर गेलं, महिन्यावरून पुढे. प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता. वैशाख संपला, ज्येष्ठ आला. पंचफुलाबाई दर बाजारच्या दिवशी ऑफिसात येऊन दारातून विचारत, "झालं काय, भाऊ?" मी म्हणायचो, "तारीख येऊन राहिली, माय." त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही त्यांच्यासारखी व्हायची, म्हणजे खोटं जरा कमी खोटं वाटायचं.

मृगाचा पाऊस झाला. दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, पंचफुलाबाई ऑफिसात आल्या. मागे मिलिंद, हातात सुट्टीचा मंजूर कागद. मंगळवार, बुधवार, दोन दिवस.

"भाऊ, वापसा आला. तिफन द्या."

वापसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल, ना कोरडी, पेरणीजोगी होते ती वेळ. काळ्या जमिनीत तो बरेच दिवस टिकतो. बरड उतारावर दोन, फार तर तीन दिवस. मी धुऱ्यावर जाऊन अनिकेतसरांना फोन लावला. ते म्हणाले, गुरुवारी नक्की आहे उद्घाटन, पाहुण्यांचा होकार आलाय, आता एकही वस्तू हलता कामा नये, तिफण नोंद क्रमांक सात आहे. मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांना अर्ज द्यायला सांगा."

मी परत आलो आणि तसं सांगितलं. सांगताना मला स्वतःची लाज वाटत होती, तरी सांगितलं.

"लिहा," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या वतीने मलाच उद्देशून अर्ज लिहिला. त्यांनी सही केली, पं-च-फु-ला, चार अक्षरांना चार श्वास. मिलिंद दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं मी म्हणणार नाही. तो हळूच म्हणाला, "माय, यंदा चुकली म्हनू काय?"

बाईंनी ओच्यातून मातीचं एक ढेकूळ काढलं, मुठीत दाबून त्याचा लाडू केला आणि माझ्या टेबलावर, अर्जावर ठेवला. अंगठ्याने जरासा दाबला तर त्याच्या अलगद दोन फाका झाल्या.

"हा वापसा हाये. ह्याले तुमच्या साहेबाची वाट पाहाले सांगा."

आणि त्या गेल्या.

मी काम करू लागलो. अर्जावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' असा शेरा मारायला ढेकूळ उचलावं लागणार होतं, म्हणून तो मारायचा राहिला. बारा वाजता ढेकळाची कड पांढुरकी झाली. दोन वाजता त्याला भेगा गेल्या. पत्र्याच्या खोलीतलं ऊन आणि वरून पंखा. तीन वाजता मी एक उतारा द्यायला टेबलाचा खण ओढला, तेवढ्या हिसक्याने ते ढेकूळ अर्जावर पसरलं. नुसती धूळ. पंचफुलाबाईंच्या सहीवर धूळ.

मी शूर माणूस नाही. शूर असतो तर ग्रामसेवक झालो नसतो. मी नियमावली काढली. तिच्यात एक ओळ सापडली, 'दुरुस्तीसाठी वस्तू दालनाबाहेर काढता येईल.' मी रजिस्टरला लिहिलं, 'नोंद क्रमांक सात दुरुस्तीसाठी बाहेर काढण्यात येत आहे,' सही केली, शिक्का मारला आणि दालनाची किल्ली घेऊन निघालो. वाटेत मला वाटत होतं की आपण खोटं लिहिलं. ते खोटं नव्हतं, हे वावरात गेल्यावर कळलं.

बैल जुंपले, बाईंनी ओटीतून मूठ भरली, चाड्यावर धरली. मिलिंदने बैल हाकले. दहा पावलांवर बाई म्हणाल्या, "थांब." चाडं ज्वारीने भरून आलं होतं. खाली एक दाणा गेला नव्हता. फोटो झाल्यावर अनिकेतसरांनी तिन्ही नळ्यांची तोंडं भिंतीला लावतात त्या लांबीने बुजवून टाकली होती, आत किडे होऊ नयेत म्हणून, आणि वरून पॉलिशचे तीन हात दिले होते. तिफण इतकी चकाकत होती की बैल बुजले होते.

बाई मटकन धुऱ्यावर बसल्या. त्यांना बसलेलं मी त्या वावरात पहिल्यांदा पाहिलं.

फोन करून अचलपूरहून रज्जाकमिस्त्रींना बोलावलं. त्यांच्या वडिलांनी ही तिफण घडवली होती. ते बुधवारी पहिल्या बसने आले, तिफणीभोवती एक फेरी मारली, पॉलिशवरून बोट फिरवलं.

"मौसी, ये तो दुल्हन बना दी. अब ये वावर में काम करेंगी क्या?"

"करन. माही सून बी करते."

मिस्त्रींनी सळई तापवली आणि एकेक नळा मोकळा केला. मधल्या नळ्याची पाचर सैल झाली होती, ती ठोकून बसवली. जळलेल्या लांबीचा वास वावरभर पसरला. दुपारी पेरणी सुरू झाली. मिलिंदने संध्याकाळी कारखान्यात फोन करून सुट्टी एक दिवस वाढवून घेतली. का वाढवलीस म्हणून मी विचारलं नाही. तो आपल्या आईविरुद्धची पैज स्वतःच हरायला थांबला होता, आणि मला तो फार आवडला.

गुरुवारी पाहुणे आले. हार, फीत, कात्री, दिवा. पाहुण्यांनी फीत कापली, सगळे आत गेले, आणि मधोमध लाकडी चौथऱ्यावर काही नव्हतं. नुसता माझ्या सुरेख अक्षरातला फलक. मी माझ्या निलंबनाच्या आदेशाची भाषा मनात जुळवायला लागलो. पण अनिकेतसर एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, "सर, ही आमची जिवंत दालनाची संकल्पना. वस्तू तिच्या मूळ परिसरात बघायची." त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी मनापासून आदर वाटला.

सगळा ताफा डोंगर चढला. धुऱ्यावर पोचताच पन्नास मोबाईल एकदम वाजू लागले. कुणीतरी फलकाच्या फोटोवरून माहिती उघडली आणि मोठ्याने वाचलीही, 'पूर्वी पेरणीसाठी वापरले जाणारे...' आणि समोरून तिफण येत होती. पंचफुलाबाई थांबल्या नाहीत. ओळ संपली तेव्हाच बैल उभे राहिले.

पाहुण्यांना मूठ धरायची होती. कॅमेरे पुढे सरसावले. बाईंनी त्यांच्या हातात ज्वारी दिली, बोटं मिटवली, हात चाड्यावर नेला. "सोडा. थोडी थोडी." मिलिंदने बैल हाकले. पाहुण्यांनी एका पावलात सगळी मूठ सोडून दिली.

बाई म्हणाल्या, "तुमचं असंच असते, साहेब. साऱ्याईच्या वाट्याचं एकाच जागी."

पाहुणे हसले. ते हसले असं बघून बाकीचेही हसले. फोटो छान आला.

आठ दिवसांनी ज्वारी उगवली. सरळ ओळी, आणि एका जागी लगतच्या तीन ओळींत मिळून गवताच्या पेंढीसारखा दाट झुपका. बाईंनी तो विरळला नाही. म्हणायच्या, "राहू द्या. साहेब पाहाले आले तं दाखवता येइन." साहेब आले नाहीत. पुढच्या साली तिथे झुपका नव्हता, इतर ओळींसारखीच ज्वारी होती, पण लोक ती जागा अजून साहेबाचं ठोंब म्हणून दाखवतात.

पेरणी संपल्यावर बाईंनी तिफण धुतली, तेल लावलं, बैलबंडीत घालून स्वतः दालनात आणून चौथऱ्यावर ठेवली. बोली उद्घाटनापर्यंतची होती, तरी आणली. म्हणाल्या, "माह्या कोठ्यापेक्षा तठी छत चांगलं हाये. मृगात घेऊन जात जाइन." दाराशी अभिप्राय वही होती. तिच्यात पहिला अभिप्राय पाहुण्यांचा होता, 'अप्रतिम. आपला वारसा आपणच जपला पाहिजे.' त्याखाली बाईंनी एकेक अक्षर जोडत लिहिलं, 'तिफन वापरली. चांगली चालली. नळ्यात लांबी भरू नये. पंचफुला.' तेवढ्या वेळात मी काळा रंग आणून फलकावरच्या 'पूर्वी'वर एक पट्टी ओढली.

तीन मृग असं चाललं. मी 'दुरुस्तीसाठी' लिहायचो, बाई तिफण न्यायच्या, तेल लावून परत आणायच्या, आणि वहीत लिहायच्या, वापरली. मिलिंद यायचा, हरायचा, जायचा.

यंदा मृगाच्या आधी त्या ऑफिसात आल्या तेव्हा काखेत सूप होतं. मला वाटलं, माझी पुन्हा परीक्षा आहे. मी हात पुढे केला. त्यांनी मला ज्वारी दिली नाही. सूप टेबलावर ठेवलं, स्वतःची मूठ भरली आणि त्यावर धरली.

दाणे एका जागी पडले. मग थांबले. मग पुन्हा एक ढीग. मनगट थरथरत होतं. हे कधी सुरू झालं ते मला कळलं नव्हतं.

"पाह्यलं?"

"माय, पुन्हा करून पाहा."

"चार रोजापासून पाहून राहिली, भाऊ." त्यांनी दाणे गोळा केले, एकही सांडू दिला नाही. "मी बी आता कागदाच्या कामाची झाली. मिलिंदले फोन केला मी. बोली ते बोली."

मी म्हटलं, दुसरी कुणी बाई मूठ धरेल, तुम्ही नुसत्या मागे चाला. त्यांनी मान हलवली. दुसरीच्या मुठीने पेरणी झाली तर ती दुसरीची पेरणी, एवढं त्यांचं साधं होतं. मग दालनाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तठी तो शब्द लिहून टाका आता. पूर्वी. मीच म्हन्ते."

मला भडभडून आलं. मी ते लपवलं नाही. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग म्हणाल्या, "कागद ओला होइन, भाऊ."

परतवाड्याच्या बसला मी त्यांना पोचवायला गेलो. दोन पिशव्या मिलिंदकडे, सूप बाईंच्या हातात. कंडक्टर नवा होता. तो म्हणाला, सूप टपावर टाका. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, पिशवीतून मूठभर ज्वारी काढली, त्याच्या हातावर ठेवली, बोटं मिटवली आणि सूप त्याच्यासमोर धरलं. "सोडा." एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात ज्वारी, आणि अख्खी बस थांबलेली. त्याने हळूहळू मूठ सैल केली. दाणे कसे पडले ते मला खालून दिसलं नाही. बाई त्याला काहीतरी बोलल्या, तेही इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण सूप आत गेलं आणि कंडक्टरने त्यांना खिडकीची जागा दिली.

उतारावरचं वावर यंदा पडीत आहे. तिफण चौथऱ्यावर आहे. तो शब्द मी अजून लिहिलेला नाही. मागच्या महिन्यात तपासणी झाली, तिच्यात शेरा आला, 'माहितीफलकावरील एक शब्द खोडलेला आढळला. संबंधितांनी खुलासा करावा.' सात दिवसांची मुदत होती, ती कधीच उलटली. दुपारी ऑफिसात कुणी नसलं की मी खणातून ज्वारी काढतो आणि कागदांच्या ट्रेवर मूठ धरून बघतो. अजून एकाच जागी पडते. शिपाई आत आला आणि काय चाललंय म्हणून विचारलं, तर त्याला सांगतो, खुलासा लिहून राहिलो.